वावरात टाकलेल्या युरियाचे पुढे काय होते? मातीतले न दिसणारे जीव, पऱ्हाटीचे खत आणि विहिरीचे पाणी

पातूर : पाऊस लागला की कृषी केंद्रासमोर युरियासाठी रांगा लागतात. गोणी हाती पडली की ती वावरात नेऊन, कधी भर उन्हात तर कधी चिखलात, फेकली जाते. आठ-दहा दिवसांत पऱ्हाटी हिरवीगार दिसली की काम झाले असे समजायचे. पण गोणीतला पांढरा दाणा आणि पिकाचे हिरवे पान यांच्या मधात मातीतल्या अतिशय बारीक जीवांचे मोठे काम चालते. हे जीव अमोनियावर जगतात. त्यांच्या कामामुळे पिकाला नत्र लवकर मिळते, त्याच कामामुळे खताचा पैसा पाण्यासोबत निघूनही जातो आणि विहिरीच्या पाण्यात नायट्रेट वाढते तेही बहुतेक वेळा याच वाटेने.

शेतकऱ्याच्या दृष्टीने हा विषय पुस्तकातला वाटेल. पण युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत जवळपास पावणेएकवीस किलो नत्र असते आणि त्यातला किती भाग पिकाला लागला, किती हवेत गेला, किती जमिनीखाली उतरला हे ठरवणारे हेच जीव आहेत. जगभरच्या प्रयोगांत टाकलेल्या नत्रापैकी साधारण तिसरा हिस्सा ते निम्मा भागच पिकात सापडतो. बाकीचा कुठे जातो हे समजले तर खत टाकायची वेळ बदलता येते, आणि त्याला खर्च काहीच नाही.

गोठ्यातला वास

सकाळी बंद गोठ्यात शिरले की डोळ्याला झोंबणारा वास येतो, तो अमोनियाचा. जनावराच्या मुतात युरिया असतो आणि तो गोणीतल्या युरियासारखाच, रसायन म्हणून दोघांत फरक नाही. माती, शेण, पालापाचोळा यांत युरिएज नावाचे विकर असते, ते युरियाला फोडून त्याचा अमोनिया करते. ओली आणि उबदार जमीन असली तर हे काम दोन-चार दिवसांत उरकते.

वऱ्हाडातली काळी माती अल्कधर्मी आहे, तिचा सामू साधारण साडेसात ते साडेआठ. अशा जमिनीत वरच्या वर पडून राहिलेला युरिया फुटला की अमोनिया वायू होऊन उडून जातो. ऊन आणि वारा असला तर जास्तच. दाणा मातीआड असला तर मात्र हा अमोनिया ओलाव्यात विरघळून अमोनियम होतो आणि चिकणमातीला चिकटून बसतो. काहून? तर चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो आणि अमोनियमवर धन भार. लोहचुंबकाला खिळा चिकटावा तसे ते धरून राहते. काळ्या मातीची ही धरून ठेवण्याची ताकद मोठी आहे. पाऊस आला तरी अमोनियम सहसा धुपत नाही.

इथपर्यंत खत सुरक्षित असते. पुढचे काम जीवांचे.

दोन हातांचे काम

मातीत नायट्रोसोमोनास, नायट्रोसोस्पायरा अशा नावांचे जिवाणू असतात. ते अमोनिया घेतात, त्याला प्राणवायूची जोड देतात आणि नायट्राइट तयार करतात. त्यांच्या शेजारीच नायट्रोबॅक्टर आणि नायट्रोस्पायरा हे दुसरे जिवाणू बसलेले असतात, ते नायट्राइटचे नायट्रेट करतात. एकाने दळायचे, दुसऱ्याने चाळायचे, असे हे काम. याला नत्रीकरण म्हणतात.

हे जीव ना पाला खातात ना शेण. त्यांना चूल पेटवायला अमोनिया लागतो आणि अंग वाढवायला हवेतला कार्बन डायऑक्साइड. झाड उन्हाच्या जोरावर जे करते ते हे अंधारात अमोनियाच्या जोरावर करतात. या धंद्यात नफा कमी, म्हणून त्यांची वाढही सावकाश. सोयीच्या परिस्थितीत पोटातले काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात, या मंडळींना कमीत कमी सात-आठ तास आणि मातीत तर कितीतरी दिवस लागतात. तरीही वाफसा असलेल्या, २५ ते ३५ अंश तापमानाच्या काळ्या मातीत टाकलेल्या खताचा मोठा भाग ते दोन-तीन आठवड्यांत नायट्रेट करून टाकतात. वऱ्हाडातला पावसाळा म्हणजे त्यांच्यासाठी हंगामच.

नायट्रेट झाले की दोन गोष्टी एकदम होतात. पिकाच्या मुळाला ते सहज मिळते, कारण ते पाण्यासोबत मुळापर्यंत चालत येते. आणि ते मातीच्या हातातून सुटते, कारण नायट्रेटवरही ऋण भार आणि मातीवरही ऋण भार. माती त्याला धरतच नाही. पाणी जिकडे तिकडे ते.

हे काम जिवंत जीव करतात हे कळायलाही वेळ लागला. १८७७ मध्ये श्लेसिंग आणि म्युंत्झ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या उभ्या नळीतून गटाराचे पाणी हळूहळू सोडले. सुमारे वीस दिवस काहीच झाले नाही, मग खालून नायट्रेट येऊ लागले. नुसते रसायन असते तर पहिल्या दिवसापासून आले असते. त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, नायट्रेट बंद. पुन्हा थोडे मातीचे पाणी टाकले, पुन्हा सुरू. नंतर १८९० मध्ये सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने हे जिवाणू वेगळे करून दाखवले.

पुढची शंभरेक वर्षे हे काम फक्त जिवाणूंचेच असे धरले गेले. २००५ मध्ये अमेरिकेतल्या सिएटलच्या मत्स्यालयातल्या टाकीत आर्किया नावाच्या वेगळ्याच कुळातला अमोनियावर जगणारा जीव सापडला आणि मग शोधू तिथे, मातीतही, त्याचे भाऊबंद निघाले. कमी खताच्या जमिनीत त्यांची संख्या जिवाणूंपेक्षा जास्त असते. भरपूर युरिया पडणाऱ्या वावरात मात्र जिवाणूंचा जोर चालतो. २०१५ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली : नायट्रोस्पायरातले काही जीव दळणे आणि चाळणे दोन्ही एकटेच करतात.

काळी आणि पांढरी

गावकऱ्यांना हे जीव माहीत नव्हते, पण त्यांचे काम माहीत होते. शेताची ती काळी आणि गावठाणाची ती पांढरी, ही जुनी वाटणी. पडक्या घरांची, जुन्या गोठ्यांची पांढरीची माती गाड्या भरभरून वावरात टाकत. शेकडो वर्षे माणसे-जनावरे नांदलेल्या जागेत मूत आणि शेण मुरत राहते, त्यातल्या अमोनियाचे हे जीव नायट्रेट करतात आणि ते कोरड्या दिवसांत मातीत साठते. तोफेच्या दारूत लागणारा सोरा अशाच मातीतून धुऊन काढत. भारतातला सोरा, विशेषतः बिहारचा, जहाजाने युरोपात जाई आणि तिथल्या लढायांत उडे.

झड लागली की

पातूर तालुक्यात जमीन सारखी नाही. दक्षिणेच्या डोंगराकडची वावरे हलकी, बरड, मुरमाड. खाली नदीकाठाला खोल काळी. पाऊस वर्षाला आठशे मिलिमीटरच्या आसपास, पण तो मोजून-मापून पडत नाही. चार दिवस झड आणि मग वीस दिवस उघाड असे चालते. दोन्ही जमिनींत नायट्रेट जाते, पण वाट वेगळी.

मुरमाड जमिनीत ते सरळ खाली उतरते. एका जोरदार पावसात मुळांच्या पट्ट्याखाली गेले की पिकाला ते नाहीच. खाली खडक फुटलेला, भेगांचा, त्यातून पाणी विहिरीकडे सरकते. खोल काळ्या मातीत पाणी साचते, मातीतली हवा संपते. मग वेगळेच जिवाणू पुढे येतात. त्यांना श्वासाला प्राणवायू मिळेनासा झाला की ते नायट्रेटमधला प्राणवायू ओढून घेतात आणि उरलेला नत्र वायू करून हवेत सोडतात. त्यातला काही भाग नायट्रस ऑक्साइड असतो, जो शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता अडवतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र सरळ हिशेब : गोणी विकत घेतली आणि हवेला दिली.

म्हणून झडीनंतर पऱ्हाटी पिवळी पडली की घाईने चिखलातच युरिया फेकणे हे सगळ्यात तोट्याचे काम. पीक पिवळे पडण्याचे कारण तेव्हा बरेचदा मुळांना हवा नसणे हे असते, आणि त्या बंद पडलेल्या मुळांना टाकलेले खत उचलताच येत नाही. आधी साचलेले पाणी काढून द्यायचे, वाफसा येऊ द्यायचा, मग डवऱ्याच्या आधी खत टाकून ते मातीआड करायचे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिफारशींत नत्र विभागून द्यायला सांगतात ते याचसाठी. ओलिताच्या गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्र, अर्धे पेरणीला आणि अर्धे पहिल्या पाण्याला, १८ ते २१ दिवसांनी. एकदम दिले तर पीक लहान असतानाच जीव सगळ्याचे नायट्रेट करून मोकळे होतात, आणि खाणारे तोंडच तयार नसते.

असाच प्रकार मृगाच्या पहिल्या पावसाला होतो, खत न टाकताही. उन्हाळाभर वाळलेल्या मातीत बरेच सूक्ष्मजीव मरतात, पाणी पडताच उरलेले त्यांच्यावर तुटून पडतात आणि त्यातून अमोनिया व मग नायट्रेटची एक लाट उसळते. बर्च या शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात केनियात हे मोजले. वेळेवर पेरलेले पीक पहिल्या पंधरवड्यात खताशिवायही तरारून दिसते, त्यामागे ही लाट असते. पेरणी लांबली आणि वावर उघडेच राहिले तर ती वाया जाते.

सोयाबीनचे वेगळे. त्याच्या मुळावरच्या गाठींत रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र पकडून देतात. जमिनीत आयते नायट्रेट भरपूर असले की झाड गाठी करायचा कंटाळा करते. सोयाबीनवर युरियाचा हात सैल सोडणे म्हणजे फुकटात काम करणारा मजूर घरी पाठवून रोजाचा लावण्यासारखे आहे.

निंब, करंज आणि ज्वारी

या जीवांना मारून टाकायचे नाही, फक्त थोडे हळू करायचे, हा विचार आपल्याकडे जुना आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला निंबोळीच्या अर्काने नत्रीकरण मंदावते हे दाखवले गेले. करंजाच्या बियांतल्या करंजीन या द्रव्याचाही तोच गुण. २०१५ पासून देशातला सगळा शेतीचा युरिया निंबलेपित करणे बंधनकारक झाले आणि २०१८ मध्ये गोणी ५० वरून ४५ किलोची झाली.

पण या लेपावर फार भिस्त ठेवू नये. नियमाप्रमाणे निंबतेलाचे किमान प्रमाण टनाला ३५० ग्रॅम, म्हणजे एका गोणीला जेमतेम सोळा ग्रॅम. एवढ्या तेलाने जीवांचे काम काही दिवस लांबते, थांबत नाही. अनुदानाचा युरिया कारखान्यांकडे वळू नये हाही या लेपामागचा हेतू होता. निंबोळी ढेप घरची असेल तर पाच भाग युरियाला एक भाग ढेप कालवून टाकण्याची जुनी पद्धत अजूनही कामाची आहे. ढेपेतले नत्र सावकाश सुटते, ते वेगळेच.

आणि ज्वारी. वऱ्हाडात पऱ्हाटीसोबत एकेकाळी ज्वारी हेच मोठे पीक होते, सोयाबीन आल्यावर तिचे क्षेत्र घटत गेले. ज्वारीच्या बारीक मुळांतून सॉर्गोलिओन नावाचे तेलकट द्रव्य झिरपते आणि ते याच अमोनिया खाणाऱ्या जिवाणूंना मंद करते. जपानच्या जिरकास या संस्थेतले शास्त्रज्ञ जी. व्ही. सुब्बाराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादजवळच्या इक्रिसॅटच्या साथीने यावर बरेच काम केले आहे. म्हणजे ज्वारी आपल्यापुरता लेप स्वतःच तयार करते. ज्वारीचे वावर कमी होताना धान्य-कडब्यासोबत हाही गुण गेला, याची चर्चा फारशी होत नाही.

अकोल्याच्या विद्यापीठात १९८८ पासून एकाच काळ्या जमिनीत ज्वारी-गहू असा दीर्घकालीन खत प्रयोग चालवला आहे. रासायनिक खताला शेणखताची जोड दिलेल्या वाफ्यांत सेंद्रिय कर्ब टिकला आणि उत्पादनही. नुसत्या नत्रावरचे वाफे मागे पडले. कर्ब असला की इतर सूक्ष्मजीव मोकळा अमोनिया स्वतःच्या अंगात अडकवून ठेवतात आणि पुढे हळूहळू सोडतात.

विहिरीत काय उतरते

पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावे, असे भारतीय मानक आहे आणि त्यात सूट नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात महाराष्ट्रातल्या तपासलेल्या नमुन्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त या मर्यादेच्या वर निघाले. देशातल्या सर्वाधिक नायट्रेटच्या पंधरा जिल्ह्यांत अमरावती, बुलढाणा, यवतमाळ आणि वर्धा ही चार नावे विदर्भाची आहेत. त्या यादीत अकोला नाही, पण म्हणून पातूरच्या प्रत्येक विहिरीचे पाणी ठीक असे म्हणता येत नाही. एका विहिरीत नायट्रेट दुप्पट आणि दोनशे पावलांवरच्या दुसरीत नगण्य, असे सहज असू शकते. काठावर उकिरडा आहे की नाही, वरच्या अंगाला गोठा आहे की संडासाचा शोषखड्डा, यावर ते अवलंबून असते. शोषखड्ड्यातल्या मुताचाही अमोनिया होतो आणि भोवतालच्या मुरमात बसलेले जीव त्याचे नायट्रेट करतात.

नायट्रेटला रंग नाही, वास नाही, ओळखू येईल अशी चवही नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचे : पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटते आणि उरलेल्यात ते घट्ट होते. तुरटी फिरवून, ब्लीचिंग पावडर टाकून, कपड्याने गाळूनही जात नाही. आरओ यंत्राने कमी होते.

धोका सर्वात जास्त सहा महिन्यांच्या आतल्या, बाटलीने वरचे दूध पिणाऱ्या बाळाला. पावडरचे दूध अशा पाण्यात कालवले तर पोटात नायट्रेटचे नायट्राइट होते आणि ते रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद काढून घेते. बाळाचे ओठ, नखे निळसर-करडी पडतात. असे दिसले तर घरगुती उपायात वेळ न घालवता दवाखाना गाठायचा आणि बाळाला कोणत्या विहिरीचे पाणी दिले ते डॉक्टरांना सांगायचे. पहिले सहा महिने फक्त अंगावरचे दूध, वरून पाणीही नाही, असे आशाताई सांगतात. ते पाळले तर हा धोका जवळपास उरत नाही.

तपासणी गावातच होऊ शकते. जलजीवन मिशनमध्ये ग्रामपंचायतीला पाणी तपासणीची पेटी दिली जाते, गावातल्या पाच महिलांना ती वापरायचे प्रशिक्षण असते, आणि तिच्यात नायट्रेटचीही चाचणी असते. आकडा जास्त निघाला तर जलसुरक्षकामार्फत नमुना प्रयोगशाळेत पाठवता येतो. खाजगी विहिरीचे पाणी घरात पीत असतील तर तेही तपासून घ्यावे. एकदा पावसाळ्यानंतर आणि एकदा उन्हाळ्यात घेतले तर खरा अंदाज येतो.

मोर्णेची जलकुंभी

हेच जीव नदीतही असतात. पातूरच्या अंगाने येणारी मोर्णा अकोला शहरातून जाते आणि पुढे पूर्णेला मिळते. शहरात तिच्यात सांडपाणी शिरते, सांडपाण्यात अमोनिया असतो. एक ग्रॅम अमोनियाच्या नत्राचे नायट्रेट करायला या जीवांना सुमारे साडेचार ग्रॅम प्राणवायू लागतो, आणि उन्हाळ्यातल्या स्वच्छ पाण्यातही लिटरला सात-आठ मिलिग्रॅमच असतो. म्हणून घाण पाण्यात मासे श्वासाला वर येतात. उरलेल्या नत्रावर जलकुंभी फोफावते. जानेवारी २०१८ मध्ये हजारो अकोलेकर मोर्णेत उतरून जलकुंभी काढायला लागले, 'मन की बात'मध्येही त्याचा उल्लेख झाला. पण वरून अमोनिया येत राहिला तर जलकुंभी पुन्हा येणारच.

शेततळ्यात मासे सोडणाऱ्यांनाही हे लागू आहे. नव्या तळ्यात हे जीव पुरेसे वाढायला महिना-दीड महिना जातो. त्याआधी भरमसाट बीज आणि खाद्य टाकले तर अमोनिया साचतो, आणि पाण्याचा सामू आठच्या वर असला तर थोडा अमोनियाही माशाला जड जातो.

पाण्यातल्या खताचा हिशेब

विहिरीत नायट्रेट जास्त निघाले तर ते पाणी प्यायला नको, पण ओलिताला चालते, आणि त्यात खत असते. समजा पाण्यात लिटरला ९० मिलिग्रॅम नायट्रेट आहे. एक एकर गव्हाला सहा सेंटिमीटरचे एक पाणी दिले तर सुमारे २ लाख ४३ हजार लिटर पाणी जाते आणि त्यासोबत जवळपास पाच किलो नत्र. पाच पाण्यांत पंचवीस किलो, म्हणजे युरियाच्या एका गोणीपेक्षा जास्त. एकराला गव्हाची गरज ४८ किलो नत्राची. अशा विहिरीवरच्या शेतकऱ्याने पाणी तपासणीचा कागद सोबत नेऊन कृषी सहायकाकडून पहिल्या पाण्याचा युरियाचा हप्ता पुन्हा ठरवून घेतला, तर एका गोणीचे २६६ रुपये ५० पैसे वाचू शकतात आणि तेवढे नायट्रेट विहिरीत परत जाणेही टळते.